सवतीचं काळीज

१

भाऊंनी बॉनेट उचललं आणि असा टाहो फोडला, की आळीतल्या निम्म्या घरांतलं दूध उतू गेलं. उरलेल्या निम्म्या घरांत दूध तापतच नव्हतं, म्हणून वाचलं.

"काढून नेलं! माझ्या गाडीचं काळीज काढून नेलं!"

आत्या तेव्हा अंगणात चहाचा कप घेऊन फेऱ्या मारत होती. आत्या म्हणजे भाऊंची थोरली बहीण. बसडेपोतल्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीमागे तिने सगळी नोकरी बसून काढली, आणि निवृत्त झाल्यापासून ती साचलेलं चालणं वसूल करत होती. जेवतानासुद्धा मध्येच उठून दारापर्यंत जाऊन येई. भाचीला निरोप द्यायला म्हणून ती आली होती. टाहो ऐकताच तिने कप कुंडीच्या कडेवर टेकवला आणि शेड गाठली.

शेडमध्ये ती उभी होती. बाटलीहिरव्या रंगाची, बटबटीत गोल डोळ्यांची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा असलेली जुनी पिकअप. भाऊंच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती परसात इतकी वर्षं उभी राहिली, की बॉनेटखाली कोंबड्यांच्या पिढ्या नांदल्या. शेवटची कोंबडी बाहेर काढली तेव्हा ती हॉर्नसारखी ओरडत होती, असं भाऊ शपथेवर सांगत. मग भाऊ निवृत्त झाले आणि त्यांनी गाडीचा स्क्रू न्‌ स्क्रू सुटा केला. शेड पुरेना तशी गाडी घरात शिरली. दारांचा रंग दिवाणखान्यात वाळला, सीटच्या स्प्रिंगा पाहुण्यांच्या पलंगाखाली गेल्या, आणि चिकटा सुटावा म्हणून कार्बुरेटर चक्क प्रेशर कुकरमध्ये उकडला गेला. त्या दिवशीच्या जेवणाला काडी लावली असती तर पेटलं असतं. तेव्हापासून भाऊंना स्वयंपाकघराचा उंबरा बंद होता, ताट खिडकीतून मिळे. त्यांची बायको गाडीला नाव न घेता 'सवत' म्हणायची.

आणि आज नेमका तो कार्बुरेटरच गायब होता. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला घास भरवणारं ते पितळी यंत्र. तो नसेल तर बाकी गाडी म्हणजे रंगवलेलं कपाट.

"ताई, उद्या सकाळी पोरीला फिरवायचं होतं गं," भाऊंचा आवाज चिरकला. "एवढीशी होती तेव्हाचा शब्द आहे. गाडी चालू झाली की पहिली फेरी तुझी. आणि उद्या दुपारी ती निघाली."

चिमणी, त्यांची एकुलती लेक, नवऱ्याबरोबर समुद्रापलीकडे राहायला चालली होती. परत कधी यायचं ते तिलाही माहीत नव्हतं. बेत साधाच होता: फाटकातून निघायचं, समोरचा उतार उतरायचा, तळ्याला वळसा घालून परत. उतार मात्र असा, की वरून लिंबू सोडलं तर ते खालच्या चौकात बसच्या चाकाखाली जाऊनच थांबायचं.

आत्याने चष्मा पुसला आणि ती इंजिनावर वाकली. कार्बुरेटरच्या जागी उघडं तोंड होतं, पण आत कचरा पडू नये म्हणून त्यात पांढऱ्या कापडाचा बोळा बसवलेला. पेट्रोलची चावी बंद. कार्बुरेटर धरून ठेवणारे दोन्ही नट परत जागच्या जागी, वॉशरसकट. तिने ते बोटांनी फिरवून पाहिले. हलेनात. पान्याने आवळले होते.

"तू काढलेले नट असे ठेवतोस?"

"जागेवर ठेवतो, पण बोटाने दोन आटे, बस्स. हरवू नयेत एवढ्यापुरते. रिकाम्या जागी पाना कोण लावतं? परवा जावईबापूंनी एक नट मातीत पाडला, अख्खी दुपार चुंबक घेऊन रांगलो. तेव्हा बोंबलून सांगितलं, नट जागेवर म्हणजे जागेवर!"

आत्याने बोळा उपसून हुंगला. शेडमधलं प्रत्येक फडकं काळंकुळकुळीत होतं. हा बोळा धुतलेला, साबणाचा वास येणारा, कडेला निळ्या दोऱ्याची शिलाई. उशीच्या अभ्र्याचा तुकडा.

"अरे, हा चोर नाही," ती म्हणाली. "चोर वस्तू नेतो आणि मागे राहिलेलं मरू देतो. खिडकीवर मी जन्म काढलाय. इथे कुणीतरी वस्तू लपवलीय. तीही इंजिनाला ओरखडा येऊ नये अशी काळजी घेऊन."

भाऊंचे डोळे गाडीच्या दिव्यांएवढे झाले. "म्हणजे तो फिटर! त्याची मिशी पणाला लागलीय!"

२

शेजारच्या फिटरची मिशी एवढी होती, की वारा कुठला आहे हे लोक त्याच्याकडे बघून ठरवत. भाऊंचा तो लंगोटीयार. गाडी सुटी झाली त्या वर्षी त्याने भर आळीत जाहीर केलं होतं, "ही स्वतःच्या इंजिनावर हललेली दिसली, तर मिशी उतरवीन." परवा इंजिन पहिल्यांदा धडधडलं, आणि तेव्हापासून आळीतली पोरं त्याला बघितलं की गालावरून बोट फिरवत.

आत्या गेली तेव्हा तो पाण्याचा पंप उघडून बसला होता. तोंडात नट होते. सुटा केलेला प्रत्येक नट तोंडात ठेवायची त्याची सवय. एकदा शिंकेबरोबर एक गिळला होता, आणि अजून तो आपल्या तब्येतीचं श्रेय त्या नटाला देई. अंगात लोह कमी पडत नाही म्हणे.

"बशा, आत्या," नटांमधून तो बोबडं म्हणाला. फिटर आत्याहून थोडाच लहान, पण आळीत सगळेच तिला आत्या म्हणत.

"बसत नाही. कार्बुरेटर कुठे ठेवलास?"

त्याने नट तळहातावर काढले, पुसले आणि हसला. "मी? अहो, आत या." कपाटातून त्याने वस्तरा काढला. नवी धार लावलेली, साबण, ब्रश, स्वच्छ टॉवेल, सगळं मांडून ठेवलेलं. "परवा इंजिनाचा आवाज ऐकला आणि रडलो हो. भाऊच्या वडिलांनी मला त्याच गाडीवर गिअर टाकायला शिकवलं. उद्या ती उतारावर लागली की मी इथेच, सगळ्यांसमोर बसणार होतो. बायको म्हणते, लग्नापासूनचा तुमचा वरचा ओठ बघायचाय."

आत्याने वस्तऱ्याकडे पाहिलं, मग ओल्या नटांकडे. हा माणूस नट जागेवर ठेवणाऱ्यांतला नव्हता.

ती निघाली तसा फिटर मागून म्हणाला, "एक बोलू? काल मी गाडीच्या सीटवर सहज बसून पाहिलं. ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट. भाऊला म्हटलं, तर म्हणतो, नवी नवरी जरा ताठच असते. आता मी पडलो पैज लावलेला, माझं कोण ऐकतंय?"

आत्याचे पाय, त्या सकाळी पहिल्यांदाच, जागेवर थबकले.

३

स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात बटाटे उकडत होते. केव्हापासूनचे कोण जाणे. भिंतींना घाम फुटला होता. भावजय काट्याने एकेक बटाटा टोचून बघत होती आणि तो कच्चा निघाला की त्याच्यावरच डोळे वटारत होती. चिमणी ओट्याला टेकून उभी, डोळे लाल, नखांत ग्रीस.

"पातेल्यात गं? कुकर काय झाला?" आत्याने विचारलं.

"रबर फुगलंय त्याचं, वन्सं."

आत्याने वर पाहिलं. कुकर कपाटाच्या डोक्यावर चढून बसला होता. झाकण फिरवून घट्ट लावलेलं, वर शिट्टीही चढवलेली. पातेलं धरायचं फडकं पांढरं होतं, कडेला निळी शिलाई, आणि त्याचा एक कोपरा फाडलेला.

ती डब्यांवरून बोट फिरवत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"आत्या, बसा ना जरा, मला गरगरतंय," चिमणी म्हणाली.

"तूच काढलास का गं कार्बुरेटर?"

"मी? मला काढायला येतो, हे खरं. बाबांनी मला अ आ ई च्या आधी पाने ओळखायला शिकवले."

"नट पान्याने आवळलेत."

चिमणी एवढ्या रडव्या चेहऱ्यातही हसली. "मग मी नाही. मी बाबांसारखे दोन आटे ठेवते. आवळून ठेवायला मी काय कालची शिकाऊ आहे?" मग ती नखांतलं ग्रीस कोरू लागली. "आत्या, मला तळंबिळं नको हो. पण बाबा रोज फोनवर सांगायचे, आज दिवा लागला, आज वायपर हलला. उद्या मी तशीच निघून गेले ना, तर ते ती शेड परत उघडणार नाहीत."

भावजयीच्या हातातला काटा बटाट्यात रुतून राहिला. तिने पदराने तोंड पुसलं. वाफेचं होतं की कशाचं, ते वाफेलाच माहीत.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "एक दिवस नाही फिरली गाडी, तर काय आभाळ कोसळणार आहे? माणसं धड असली म्हणजे झालं."

कुणी काही विचारलं नसताना बाईने माणसं धड असण्याचा विषय काढला होता. आत्या उंबरा ओलांडून बाहेर पडली ती जवळजवळ धावतच.

४

जावई व्हरांड्यात बॅगा भरत होता. विमा कंपनीत नोकरी. जगात काय काय वाईट घडू शकतं याचाच दिवसभर विचार करायचा, आणि घरी आल्यावरही तो थांबत नसे. बॅगेला दोन कुलपं लावून वर दोरी बांधायचा. भाऊ त्याला नको तितक्या आदराने 'अहो जावईबापू' म्हणत, आणि त्या 'अहो'ने त्याला कायम एक हात लांब उभं करत.

"उजव्या हाताची सालटं कशाने निघाली?" आत्याने विचारलं.

"बॅगेची चेन."

"काल तुम्हीही भाऊला ब्रेकबद्दल काही म्हणालात का?"

जावयाने दोरीची गाठ सोडली, परत बांधली. "ब्रेक एकदा उघडून बघूया का, एवढंच म्हणालो. मामा हसले. म्हणाले, तुम्ही विमा काढा, गाडी आम्ही काढतो." मग डोळे न उचलता म्हणाला, "आत्या, नाही सापडला कार्बुरेटर तर नाही. तुम्ही कशाला दगदग करता?"

"मला दगदगच मानवते," म्हणून आत्या शेडच्या मागच्या खिडकीशी गेली. खिडकीच्या कडेवर, रंगाच्या डब्यांमागे, काचेचा पेला होता. पेल्यात पिवळसर तेल आणि तेलात एक रबरी वाटी, अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी. शेजारी तसलीच कोरडी वाटी, जुनी, ब्रेक नवा करताना काढून टाकलेली. दोन्हींवर एकच खूण कोरलेली, म्हणजे माप एकच. पण कोरडी वाटी तेलातलीच्या पोटात मावली असती.

आत्या पेला घेऊन कुंपणाकडे वळली आणि फिटरच्या नाकासमोर धरला. फिटरने तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. मग त्याने तोंडातले सगळे नट एकदम थुंकले.

"हे गाडी उचलायच्या जॅकचं तेल! ब्रेकमध्ये गेलं असेल तर आतली रबरं अशीच फुगलीत. आधी पेडल घट्ट होतं, मग रबर फाटतं, आणि मग पाय थेट जमिनीला. आत्या, ती गाडी फाटकाबाहेर..."

पुढचं ऐकूच आलं नाही. कारण शेडमधून एक भलामोठा खोकला आला, मग दुसरा, आणि इंजिन धडधडू लागलं.

५

भाऊ स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हतेच. बहीण तपास करत हिंडत होती तेवढ्यात त्यांनी बागेच्या पंपाचा छोटा कार्बुरेटर काढला, पत्रा वाकवून मधली वाट केली, तारेने बांधला, आणि चिमणीला हाक मारून शेजारी बसवली. गाडी दम्याच्या रोग्यासारखी खोकत, आचके देत शेडमधून बाहेर आली. फाटक सताड उघडं होतं. पलीकडे उतार.

"सुरू झाली! फिटर, वस्तरा आण!" भाऊ ओरडत होते.

आत्या धावली, पण तिच्या आधी कुणीतरी फाटकात जाऊन उभं राहिलं होतं. दोन कुलपांवर दोरी बांधणारा माणूस, हात पसरून, गाडीच्या समोर.

"अहो जावईबापू, सरका!"

"नाही सरकत! मामा, ब्रेक दाबा!"

भाऊंनी दाबला. पेडल क्षणभर दगडासारखं अडलं, मग आत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि पाय फसकन थेट खाली गेला. गाडी चालतच राहिली.

"बाबा, हँडब्रेक!" चिमणीने बापाच्या गुडघ्यापाशी वाकून दांडा दोन्ही हातांनी ओढला. मागची चाकं फरपटली. गाडी थांबली तेव्हा तिचं नाक जावयाच्या शर्टाच्या बटणाला टेकलं होतं. बटण गळून खाली पडलं आणि घरंगळत उताराला लागलं. ते बहुधा चौकापर्यंत गेलं असावं; परत कुणाला दिसलं नाही.

 भाऊंचा पाय अजून त्या मेलेल्या पेडलवर होता.

"उतर," आत्या म्हणाली. "आणि आता ऐक. तुझं काळीज याने काढलं."

"यांनी? यांना तर नट धरता येत नाही!"

"म्हणूनच कळलं. तू आणि चिमणी दोन आटे ठेवता, फिटर तोंडात ठेवतो. 'नट जागेवर' एवढंच ज्याने शिव्या खाऊन ऐकलं, आणि किती ते ज्याला कुणी सांगितलंच नाही, तोच पान्याने आवळून ठेवील. बोळ्याचा अभ्रा स्वयंपाकघरातला. तिथे निरोपाच्या गर्दीत बटाटे पातेल्यात शिजतायत आणि कुकर झाकण लावून कपाटावर बसलाय. म्हणे रबर फुगलं. कुकरचं रबर सैल पडतं, फुगत नाही. ज्या बाईच्या डोक्यात दुसरंच कुठलं फुगलेलं रबर असेल, तिच्याच तोंडून ते निघेल. शिवाय तुझ्यापासून वस्तू लपवायला या घरात जागा एकच, जिथे तुला पाऊल टाकायची बंदी आहे." तिने पेला पुढे केला. "का लपवली, ते यात आहे."

भावजय दारात येऊन उभी होती. हातात कुकर.

"मी केलं," ती म्हणाली. "माझी मोठी काचेची बरणी यांनी शेडमध्ये नेली, जॅकचं तेल भरायला. मला ती हवी होती. मग ते तेल शेजारच्या अर्ध्या डब्यात ओतलं. तेल ते तेल, म्हटलं. डब्यावर ब्रेक लिहिलं होतं ते मी कशाला वाचतेय?"

"आणि त्याच डब्यातून मी ब्रेक भरला," जावई म्हणाला. "मामांनी मला दिलेलं पहिलंच काम. पेडल घट्ट झालं तशी शंका आली, म्हणून रबर बुडवून पाहिलं. मग आईंना विचारलं, तर त्या मटकन खालीच बसल्या. मामा, मी नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. खरं सांगितलं असतं तर आईंचं नाव आलं असतं. तुम्हीच म्हणाला होता, माझ्या गाडीला जो इजा करील त्याला या घरात पाणी मिळणार नाही."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. मग उताराकडे. मग लेकीकडे, जी अजून हँडब्रेकचा दांडा धरूनच बसली होती. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा सगळ्या आळीने कान झाकले. पण आवाज आला तो अगदी बारीक.

"बरणी मीच चोरली होती," ते म्हणाले.

६

ब्रेकची नवी रबरं यायला आठवडा तरी लागणार होता, आणि चिमणी उद्याच निघणार होती. हे सगळ्यांना कळत होतं. आत्या तेवढी अंगणाच्या कडेकडेने गोल गोल फिरत होती. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. त्यांची नजर तिच्या पायांबरोबर फिरली, एकदा, दोनदा, आणि ते ताडकन उठले.

"अंगण सपाट आहे," ते म्हणाले. "फाटकाला साखळी घाल, फिटर. पहिल्या गिअरमध्ये हिला माणूस चालत मागे टाकेल. हँडब्रेक पक्का आहे."

कुकरचं झाकण उघडलं. आत कार्बुरेटर, घासून लखलखीत केलेला. चिंतेत बाईच्या हाताला घासायला काहीतरी लागतंच. भाऊंनी तो दोन्ही हातांत घेतला, पंपाचा कार्बुरेटर सोडवला, बॉनेटखाली वाकले आणि मागे न बघता हात पुढे केला.

"ए, पाना दे रे."

जावयाला वाटलं, फिटरला म्हणतायत. तो जागेवरच.

"तुला म्हणतोय, गाढवा. आणि इकडे ये, बघ. काढलेला नट जागेवर ठेवायचा तो बोटाने, दोन आटे. एवढंही सांगितलं नव्हतं तुला कुणी?"

"नव्हतं, मामा," जावई म्हणाला, आणि इतका आनंदाने पुढे सरसावला की त्याच्या पायाने पानेच उधळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी कुंपणावर लटकली. हौद्यात फिटरची बायको, बॅगा, आणि वाटेत खायला बांधलेले बटाटे. सीटवर भाऊ आणि शेजारी चिमणी, हात हँडब्रेकवर. जावई लाकडी ओंडका घेऊन चाकापाशी चालणार होता. ओंडक्यालाही त्याने दोरी बांधली होती. फिटर कुंपणाशी उघड्या ओठाने उभा. त्याचाच कुत्रा त्याच्यावर भुंकत होता.

"पण तळं?" चिमणी म्हणाली. "तळ्याला वळसा घालायचा ठरलं होतं ना, बाबा?"

भाऊंचा चेहरा पडला. तेवढ्यात भावजय घरातून आली. डोक्यावर मोठं घमेलं, काठोकाठ पाणी. तिने ते अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"हे घ्या तळं. घाला वळसा. आणि माझ्या सवतीला म्हणावं, जरा जपून, काठावर गाळ आहे."

इंजिन धडधडलं. घमेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक लाटा उठल्या. गाडीने वळसा घेतला, मग दुसरा, मग लेकीने चाक हातात घेतलं आणि कुणी मोजायचं सोडून दिलं. पेट्रोल संपेपर्यंत ती तळ्याभोवती फिरत होती.

आणि त्या अख्ख्या फेरीत आत्या हौद्यातल्या फळीवर बसून होती. एकदाही उठली नाही.